पिल्ले भिंतीला

तात्या गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी चार नंबरच्या टाकीत माशांनी अंडी घातली. दोन्ही घटनांची रीतसर नोंद झाली, एकीची नगरपालिकेत आणि दुसरीची तात्यांच्या वहीत. वहीतली नोंद जास्त तपशीलवार आहे. 'सोमवार, ५ जानेवारी २००४. सायंकाळी सहा दहा. अंडी अंदाजे दोनशे. जोडी शांत. पाणी तीस अंश.' नगरपालिकेच्या दाखल्यावर तात्यांचं नावसुद्धा धड नव्हतं.

मंगळवारी सकाळी ते नेहमीसारखे कामावर गेले. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं केमिस्ट होते. रसाचा नमुना तपासता तपासता खुर्चीत बसले आणि त्यांनी मान टाकली. दुपारी त्यांना जीपमधून दौंडच्या घरी आणलं. मी त्यांची मुलगी, शिरूरच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. एसटीने कशीबशी त्याच सुमाराला पोचले. जीपमध्ये मागे दोन निळे कॅनही होते. मारुतराव, म्हणजे तात्यांबरोबर वीस वर्षं लॅबमध्ये काम केलेले गृहस्थ, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, पाणी पन आणलंय. साहेबांनी सकाळीच भरून ठिवलं होतं. आदी काय उतरवू?"

"आधी तात्यांना," मी म्हणाले. इतका सोपा निर्णय त्या आठवड्यात मला पुन्हा घ्यावा लागला नाही.

ते पाणी म्हणजे कारखान्यातल्या वाफेचं गार होऊन झालेलं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो. डिस्कस हा मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. अंडी घालायला त्याला इतकं मऊ पाणी लागतं, की दौंड तालुक्यात ते फक्त बॉयलरजवळ मिळतं. तात्या दर हंगामाला चीफ केमिस्टकडे लेखी अर्ज करून रोज दोन कॅन नेण्याची परवानगी घेत. तोंडी परवानगी त्यांना चालत नसे. इतरत्र माशांची वीण ऋतुमानावर ठरते; आमच्याकडे ती ऊसतोडणीवर ठरायची. गाळप संपलं की आमचे मासे ब्रह्मचर्य पाळत.

आता अर्ज करणारा माणूस उरला नव्हता. म्हणजे हे दोन कॅन शेवटचे आणि चार नंबरमधली अंडीही शेवटचीच. ही पिल्लं जगली तर तात्यांची नऊ वर्षं पुढे चालणार होती. नाहीतर त्यांची जोडी तशीच म्हातारी होऊन मरणार आणि वह्या रद्दीत जाणार. त्या दिवसांत मला रडायला यायचं तेव्हा मी या गणिताचा विचार करत असे. गणितात रडायला जागा नव्हती.

दुखवट्याला माणसं येत. आईजवळ बसून झालं की मागच्या खोलीत डोकावत. पाच टाक्या, त्यात ताटलीएवढे गोल, चपटे, शेंदरी मासे. प्रत्येकाचे प्रश्न दोनच: शेवटचं काय बोलले, आणि हे खायला कसे लागतात. डिस्कसचा आकार पापलेटासारखा आहे, हे मला त्या पाच दिवसांत चाळीसेक लोकांनी सांगितलं.

मासे शेंदरी होते, पण तात्यांना शेंदरीशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं भांडण काळ्याशी होतं. १९९४ साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी बँकॉकहून आलेले सहा मासे आणले. रंग सुरेख, फक्त अंगावर बारीक काळे ठिपके, कुणी मिरपूड भुरभुरावी तसे. तात्या त्याला 'मिरी' म्हणत. मिरी काढायची, एवढाच त्यांचा नऊ वर्षांचा कार्यक्रम. प्रत्येक पिढीतले सगळ्यांत कमी ठिपक्यांचे निवडायचे, त्यांची आपसात जोडी लावायची, बाकीचे बाद. वहीत तीन रकाने होते: स्वच्छ, मध्यम, डागाळ. नात्यांचा हिशोब पाहू नये असा होता. काका-पुतणी हे त्यातलं सगळ्यांत सोज्वळ नातं. माझ्या गालांवर कांजण्यांचे खड्डे आहेत. त्यांवरून दोन स्थळांनी नकार कळवला तेव्हा तात्यांनी विचारलं होतं, "कुठले खड्डे?" त्यांना खरंच दिसले नव्हते. माशांच्या मिऱ्या मात्र ते भिंगातून मोजत.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ते प्रामाणिक होते, आणि तेही लोकांना त्रास होईल इतके. या माशाचा एक गुण आहे. फिकट टाकीत ठेवला की त्याची मिरी दबते, काळ्या टाकीत ठेवला की ती वर येते. धंद्यातले लोक टाकीला मागून आकाशी कागद लावतात. तात्यांनी आपल्या पाचही टाक्यांच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून काळा ऑइलपेंट मारला होता. माशाने आपला डाग लपवता कामा नये. काळ्यापुढे जो स्वच्छ दिसेल तोच स्वच्छ.

दर चौदा एप्रिलला तात्या आमच्या वस्तीत भाषण करत. जातीची कल्पना शास्त्राच्या कसोटीवर कशी टिकत नाही, रक्ताची शुद्धता हे थोतांड कसं आहे, हे ते अर्धा तास समजावून सांगत आणि भाषण संपलं की घरी येऊन रकाने भरत. मारुतरावांनी एकदा चहा पिताना त्यांना विचारलं होतं, "साहेब, भाईर जात मोडा म्हन्ता आन् घरात माश्यांची जात काढता, ते कसं काय?"

"मारुतराव, मी डागाळ माशाला पाणवठ्यावर यायला बंदी केलेली नाही," तात्या म्हणाले.

"न्हाई, पन त्याचं लगीन तर मोडलं की."

यावर तात्यांनी चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

बाद झालेले मासे शिरूरला जात, वजीर अत्तार यांच्याकडे. शिरूरच्या बाजारपेठेत त्यांचं मत्स्यालयाचं दुकान आहे. तात्यांचे ते मित्र, गिऱ्हाईक आणि या विषयावर बोलायला मिळणारे पुणे जिल्ह्यातले बहुधा एकमेव मनुष्य. सन दोन हजारमध्ये तात्या मला भेटायला शिरूरला आले होते, तेव्हा सहज त्यांच्या दुकानात गेले, बरोबर मीही होते. आकाशी टाकीत त्यांचेच बाद मासे फिरत होते आणि वर पाटी होती: 'दौंडच्या ओव्हाळसाहेबांची लाइन. शुद्ध रंग.' एक गिऱ्हाईक चहाचा कप हातात घेऊन पाहत उभं होतं. तात्यांनी एक मासा पिशवीत घालून मागितला, आपली काळी छत्री उघडली आणि पिशवी तिच्यात धरून उभे राहिले. गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत माशाच्या अंगावर मिरी उठली. गिऱ्हाईक चहाबद्दल धन्यवाद देऊन गेलं.

"साहेब, मानूस फोटो काढाया जाताना पावडर लावतो," वजीरकाका म्हणाले. "ती पन फसवणूकच का?"

"होय," तात्या म्हणाले आणि छत्री मिटली. त्यानंतर दोघं चार वर्षं बोलले नाहीत.

दोन हजार एकमध्ये सहाव्या पिढीत दोन मासे असे निघाले, की त्यांच्यावर काळ्या काचेपुढेही एक ठिपका नव्हता. हीच ती चार नंबरची जोडी. तात्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, "झालं." मला वाटलं कुणी गेलं. एवढं समाधान मी त्यांच्या आवाजात पूर्वी ऐकलं नव्हतं. मला एम.ए.ला पहिला वर्ग मिळाला तेव्हा ते "पुढे काय?" म्हणाले होते.

जोडी स्वच्छ होती. फक्त तिची पिल्लं जगत नव्हती.

गुरुवारी पहाटे अंडी फुटली. टाकीत मातीची कुंडी उलटी ठेवलेली होती, तिच्या अंगावर दोनशे शेपट्या वळवळताना दिसल्या. मला माशांतलं फारसं कळत नाही, पुस्तकांतलं कळतं. म्हणून मी वह्या घेऊन बसले. ही पिल्लं तीन दिवस अशी चिकटून राहतात, चौथ्या दिवशी पोहायला लागतात. पोहायला लागली की त्यांनी थेट आई-बापाच्या अंगावर जायचं असतं. कारण डिस्कसची पिल्लं पहिले दहा-बारा दिवस आई-बापाच्या कातडीवरचा चिकट थर खाऊन जगतात, दुसरं काही खात नाहीत. हिशोबाने ही पिल्लं रविवारी सुटणार होती. रविवारी तात्यांचा जलदान विधी होता.

याच जोडीच्या आधीच्या चार विणींचा शेवट वहीत होता. '१२ डिसेंबर २००२. पिल्ले सुटली. पिल्ले भिंतीला. दुसऱ्या दिवशी खलास.' '९ फेब्रुवारी. पिल्ले भिंतीला. खलास.' चार वेळा तेच. चौथ्या नोंदीखाली तात्यांनी अनुमान लिहिलं होतं: 'आई-बापांत वात्सल्य कमी दिसते. पुढील पिढीत वात्सल्यासाठी निवड करावी.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि वही मिटून स्वयंपाकघरात गेले. तिथे राहूहून आलेले पोपटमामा, आईचे थोरले भाऊ, चटईवर बसले होते. आम्हा बौद्धांत सुतक नसतं, असं ते सुतकी चेहऱ्याने कुणाला तरी सांगत होते.

"दीक्षा, मी काय म्हन्तो," मामा म्हणाले. "ते समदे पापलेट भीमंत सोडून दे. मुकं जनावर हाय. तेवढंच पुन्य."

"मामा, भीमेच्या पाण्यात ते दहा मिनिटं जगायचे नाहीत."

"ते त्यांचं त्यांनी बघावं. पुन्य तर लागंल."

शुक्रवारी दुपारी वजीरकाका आले. लुना बाहेर लावली, हातात मोसंब्यांची पिशवी. आईला भेटले, तात्यांच्या फोटोपुढे उभे राहिले, मग मला म्हणाले, "दीक्षाबाई, मंगळवारीच आलतो मी. पार मागं हुबा ऱ्हायलो. साहेबांनी बघितलं आस्तं तर उठून बसलं आस्तं."

"मग पुढे यायचं होतं," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. मान खाली घालून मागच्या खोलीत आले आणि चार नंबरसमोर स्टुलावर बसले. बराच वेळ ते त्या दोन माशांकडे पाहत होते. निर्मळ शेंदरी अंग, मागे काळी काच. वाण्याच्या दुकानातल्या तसबिरीसारखे ते दिसत होते.

"केलं बगा गड्यानं," ते म्हणाले. "एक ठिपका न्हाई." मग कुंडीकडे बोट दाखवून, "ही कवा सुटनार?"

"रविवारी."

"आन् मंग भिंतीला लागनार."

मी त्यांच्याकडे पाहिलं. वही त्यांनी पाहिलेली असणं शक्य नव्हतं.

"तुम्हाला कसं माहीत?"

"ह्या रंगाच्या समद्यांचं तेच व्हतं. आवो, साधा डिस्कस पिल्लं झाली की अंगानं काळा पडतो. पिल्लांची नजर ती केवढी. त्यांना एकच कळतं, काळं दिसंल तिकडं जायाचं. काळं म्हंजी आई. आता साहेबांनी सहा पिढ्या खपून तेच काळं काढून टाकलं. हे दोगं काळं पडायचं म्हनलं तरी पडू शकत न्हाईत. आन् टाकीत काळं काय ऱ्हायलं? ही काच. पिल्लं बिचारी काचंला चाटत बसत्यात आन् मरत्यात."

मी काचेकडे पाहिलं. तात्यांचा हात सफाईचा होता. रंगाचा एक ओघळसुद्धा नव्हता.

"उपाय?"

"रंग खरवडायचा. मागं आकाशी कागद लावायचा. मंग टाकीत सगळ्यांत काळं काय दिसंल तर हे दोगंच."

"म्हणजे तुमच्या दुकानातल्यासारखं."

"व्हय," ते म्हणाले. "माझ्या दुकानातल्यासारखं. तुमच्याच घरातनं आलेल्या डागाळ माशांनी माझ्याकडं तीन येळा पिल्लं वाडीवली. साहेबांना कार्ड टाकलं हुतं मी. जबाब न्हाई आला."

ते चहा न घेता गेले. मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. ज्या माणसाने तात्यांच्या नावाची पाटी लावून डागाळ मासे विकले, तो आता तात्या गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या टाकीचा काळा रंग काढा म्हणतो आहे, यात सूड आहे की शहाणपण, हे मला कळेना. रंग खरवडताना मासे बिथरले तर ते स्वतःची पिल्लं गिळतात, हेही वहीत होतं. मी काही केलं नाही तर पिल्लं मरणार हे पक्कं नव्हतं. मी खरवडलं आणि मेली तर ती मी मारली असती.

मी ते कार्ड शोधलं. कार्ड नव्हतं, पण मार्चमधली नोंद सापडली. 'वजीरचे कार्ड आले. काचेचा रंग खरवडा म्हणतो. फसवणुकीचा धंदा करणाऱ्यास दुसरे काय सुचणार. उत्तर देऊ नये.'

म्हणजे त्यांना उपाय माहीत होता. त्यानंतर दोनदा पिल्लं भिंतीला लागलेली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती, तारीखवार, वेळेसकट, स्वच्छ अक्षरात. आणि दोष आई-बापांच्या वात्सल्याला दिला होता. मला त्यांचा इतका राग आला की मंगळवारपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

लहानपणी मी एखादी गोष्ट ठासून सांगितली की तात्या म्हणायचे, मत नको, नोंद दाखव. आता त्यांचं मत माझ्यासमोर होतं आणि त्यांच्या नोंदीही होत्या. दोन्ही एकाच पानावर, एकमेकांकडे पाठ करून. शनिवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या बूथवरून शिरूरला फोन लावला. "कागद घेऊन या," मी म्हणाले.

"घेऊनच बसलोय," वजीरकाका म्हणाले.

थिनर वापरायचा नव्हता. त्याच्या वासाने मासे मेले असते. टाकी हलवायची नव्हती. टाकी आणि भिंत यांच्यात माझा हात जेमतेम जाईल एवढी फट होती, वजीरकाकांचा जात नव्हता. मी तात्यांची दाढीची ब्लेडं एका लाकडी पट्टीला दोऱ्याने बांधली आणि ओल्या फडक्याने काच पुसत एकेक बोटाची पट्टी खरवडायला लागले. एक पट्टी झाली की थांबायचं, मासे स्थिर होईपर्यंत वाट बघायची, मग पुढची. वजीरकाका समोर स्टुलावर बसून माशांकडे पाहत आणि सूचना देत.

"थांबा. नर घाबारलाय."

"कोणता नर?"

"जो घाबारलाय तो."

खरवडण्याचा आवाज घरभर जात होता. धुरपदाआत्या, तात्यांची बहीण, दारात येऊन उभी राहिली. "हे काय चाललंय?"

"रंग काढतेय, आत्या."

"भावानं हातानं मारलेला रंग. पाच दीस झालं न्हाईत त्याला जाऊन."

"हो."

"त्यो मानूस कोन?"

"शिरूरचे वजीरकाका. तात्यांचे मित्र."

"मित्र," आत्या म्हणाली. तिने वजीरकाकांकडे असं पाहिलं की त्यांनी स्टूल दोन बोटं मागे सरकवलं. मग ती म्हणाली, "घरात आईच्या जवळ बसायचं सोडून भिताड खरवडतीस. बापाचं येवढं काय खुपत हुतं तुला?"

मला उत्तर देता आलं असतं. पण हात फटीत अडकलेला होता आणि मादी कुंडीजवळ फेऱ्या मारायला लागली होती. आत्या जाताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की शिकलेल्या पोरींचं दुःख असंच असतं, त्याला डोळं नसत्यात.

संध्याकाळपर्यंत मागची काच आणि एक बाजू झाली. काळ्या रंगाच्या भुकटीने माझे हात कोपरापर्यंत माखले होते. एकदा नराने खरोखरच एक पिल्लू तोंडात घेतलं. मी पट्टी काचेपासून दूर धरून उभी राहिले. त्याने ते चघळल्यासारखं केलं आणि पुन्हा कुंडीवर नेऊन थुंकलं. "जागा बदलली त्याची," वजीरकाका म्हणाले. "खाल्लं न्हाई." आम्ही त्या दिवशी तिथेच थांबलो.

रविवारी सकाळी दुसरी बाजू झाली. खालच्या एका कोपऱ्यात, लोखंडी स्टँडच्या आडव्या पट्टीमागे, तळहाताएवढा काळा तुकडा राहिला. तिथे ब्लेड पोचेना. मग आम्ही आकाशी कागद लावला. टाकी एकदम दुकानासारखी दिसायला लागली. फक्त पाटी नव्हती. शेवटच्या दोन कॅनपैकी एक मी त्यात हळूहळू ओतला. दुसरा शिल्लक ठेवला.

दहा वाजता कुंडीवरून पहिली काही पिल्लं उठली. अकराला पुढच्या खोलीत विधी सुरू झाला. पांढऱ्या कपड्यांत माणसं दाटीने बसलेली, तात्यांच्या फोटोसमोर मेणबत्त्या. बौद्धाचार्यांनी सगळ्यांकडून त्रिशरण म्हणवून घेतलं. मी आईशेजारी बसून म्हटलं. पंचशीलही म्हटलं. त्यानंतर तात्यांच्या निष्कलंक जीवनाबद्दल बोलायला एक गृहस्थ उभे राहिले. त्यांनी 'निष्कलंक' हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत चार वेळा वापरला. मी उठले. उठताना साडीचा सळसळ आवाज झाला आणि पांढऱ्या कपड्यांतले सगळे चेहरे माझ्याबरोबर दारापर्यंत आले.

मागच्या खोलीत वजीरकाका स्टुलावर नव्हते, टाकीसमोर उकिडवे बसले होते. पिल्लं सगळी सुटली होती. धुरळ्यासारखा एक पुंजका कुंडीवर तरंगत होता, दिशा नसलेला.

"बसा. हलू नका," ते म्हणाले.

पुंजका हलला. तो सरळ खालच्या कोपऱ्याकडे निघाला, त्या तळहाताएवढ्या काळ्या तुकड्याकडे. मी काही म्हणणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. पुढची पंचवीस-तीस पिल्लं काचेला जाऊन लागली आणि तोंडं हलवायला लागली. बाकीची अर्ध्या वाटेत रेंगाळली. कागदाच्या फिकट उजेडात दोन्ही मासे मला प्रथमच गडद दिसत होते. तेवढेच शेंदरी, पण भोवतीच्यापेक्षा गडद. त्यातला एक मधे आला. मुद्दाम आला की सहज, ते मला सांगता येणार नाही. त्याने पर मिटून घेतले आणि तो पुंजक्याच्या आडवा थांबून राहिला.

एक पिल्लू त्याच्या पाठीला लागलं. मग बराच वेळ काही नाही. पुढच्या खोलीत वक्ते तात्यांच्या बालपणावर आले होते. मग दुसरं लागलं, आठदहा लागली, आणि नंतर मोजता आली नाहीत. त्याच्या एका अंगाला काळ्या बारीक टिंबांची झालर लागली. अंगावर एक ठिपका नको म्हणून ज्याच्या सहा पिढ्या निवडल्या, तो मासा ठिपक्यांनी भरून गेला होता.

"चाटाय लागली," वजीरकाका म्हणाले. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं. मग डोळेही पुसले, तोंडच पुसत असल्यासारखे.

"कोपऱ्यातली?"

"ती ऱ्हायली. आता तिकडं बगू नका."

मी तिकडे पाहिलं. तीसेक असतील. त्यांना वळवायला माझ्याकडे काही नव्हतं.

"वजीरकाका, हा कागद किती दिवस ठेवायचा?"

"दीड म्हैना. मंग काळ्या टाकीत घाला, समदं कळंल. कोन स्वच्छ, कोन न्हाई."

"आणि डागाळ निघाले तर?"

"तर मला द्या," ते म्हणाले. "पाटी न्हाई लावनार."

"लावा. पण डागाळ असंच लिहा."

"डागाळ लिवल्यावर कोन घेनार वो?"

"तात्यांनी घेतले होते. सहा."

पुढच्या खोलीतलं भाषण संपल्याची चाहूल लागली. भांड्यांचे आवाज सुरू झाले, पोपटमामांचा आवाज ऐकू आला, बुंदी आधी वाढायची की भात, यावर त्यांचं काही म्हणणं होतं. दार लोटून आई आत आली. पांढरं लुगडं, हातात रिकामा तांब्या. तो कशासाठी घेतला होता हे तिलाही आठवत नसावं. या खोलीत ती नऊ वर्षांत आली नव्हती. माझ्याशी बोलत नाही तेवढं इथे माशांशी बोलतो तो माणूस, असं ती म्हणायची. वजीरकाका उठून उभे राहिले.

आईने टाकीकडे पाहिलं. "अंगाला काय झालंय त्याच्या?"

"पिल्लं आहेत, आई. खातायत."

"त्याला?"

"अंगावरचं. दहा दिवस तेच खातात."

ती वाकून जवळ गेली. "बाप का आई?"

"कळत नाही. तात्यांना कळायचं."

माशाने अंग जोरात झटकलं. पिल्लं क्षणभर विखुरली आणि दुसरा मासा पुढे सरकला तशी त्याच्या अंगाला जाऊन लागली. पहिला कुंडीमागे जाऊन नुसता थांबला, कल्ले हलवत.

आई स्टुलावर बसली. तांब्या तिने मांडीवर धरला होता.

"विठे, पंगत खोळंबलीय," मामांनी बाहेरून हाक मारली. "बसायचं का न्हाई?"

"दादाला सांग, वाढून घ्या म्हनावं," आई मला म्हणाली. "मी बसते हितं जरा."